मला माहीत नाही

मागच्या महिन्यात पुण्याहून नात आली होती चार दिवस. सातवीत आहे. भूस्खलनावर काही तरी प्रकल्प करायचा होता, म्हणून मोबाईलवर माळीणचे फोटो काढून माझ्यासमोर धरले. "आजी, हे आपल्याच तालुक्यातलं ना?" म्हटलं, हो गं. माळीण म्हणजे आमच्या अवसरी खुर्दहून मंचर, घोडेगाव करत पश्चिमेला डिंभे धरणाच्या अंगानं आत गेलं की लागणारं डोंगरातलं गाव. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरला गावच दिसेना, त्यानं खबर दिली तेव्हा कुठं बाहेरच्या जगाला कळलं.

पोरीनं कारणं सगळी लिहून काढली होती. अतिवृष्टी, डोंगरउतारावर केलेलं सपाटीकरण, झाडतोड. शाबासकी दिली मी. मग वही मिटून ती म्हणाली, "पण आजी, त्यांच्याच घरांवर का? काही घरं तर वाचली. आणि लहान मुलांनी काय केलं होतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"अगं, पण तू तर टीचर होतीस!"

हसू आलं. पण खरं सांगू का मंडळी, हे तीन शब्द सरळ तोंडातून यायला मला जवळजवळ सगळी नोकरी नि वर थोडी निवृत्ती खर्ची घालावी लागली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. थोडं माझं, आणि बरंचसं पंडिता रमाबाईंचं. दोन्हींचा संबंध काय, ते ओघात येईल.

आधी माझं. १९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, आठवी-नववीला मराठी आणि इतिहास शिकवत होते. माझ्या वर्गातला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत पोहायला उतरला तो जिवंत वर आला नाही. आई मजुरी करणारी. बटाटे काढायला, कांदे लावायला जायची. दहाव्याच्या आत मी भेटायला गेले. दारात बायका बसलेल्या. मी शिकलेली, शाळेतली बाई, त्यामुळं सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या की आता बाई काही तरी बोलतील. आणि मी बोलले! म्हटलं, "जो देवाला आवडतो त्याला तो लवकर नेतो."

ती गुडघ्यात मान घालून बसली होती. मान वर करून म्हणाली, "मंग बाई, तुमचा पोरगा देवाला आवडत नाय का?"

भांडणाचा सूर अजिबात नव्हता. ती खरोखरच विचारत होती. माझा थोरला तेव्हा सहा वर्षांचा. त्या रात्री तीनदा उठून मी त्याच्या अंगाला हात लावून बघितला.

पुढं कित्येक वर्षं ती रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायची. तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून काय काय शोधलं! आमच्या घरात माळ आहे, वारी आहे. प्रारब्ध, संचित, मागच्या जन्मीचं देणं, सगळं लहानपणापासून कानावर. पण त्यातलं काहीही घेऊन तिच्या दारात पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

आता रमाबाई. इतिहास शिकवताना रमाबाई म्हणजे समाजसुधारकांच्या धड्यातल्या चार ओळी. शारदा सदन, मुक्ती सदन, केडगाव, जोड्या लावा. मीही तशाच शिकवल्या, कबूल करते. निवृत्तीनंतर त्यांची पत्रं वाचनात आली. अ. भि. शहांनी संपादित केलेलं ते इंग्रजी पुस्तक १९७७ साली आपल्या साहित्य संस्कृती मंडळानंच काढलेलं आहे. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, महिने लागले. पण ज्या प्रश्नापासून मी पळत होते त्याच्याशी आयुष्यभर झटलेली बाई मला त्यात भेटली. (सूनबाईंनी काळजी करू नये, माळ अजून गळ्यातच आहे.)

त्यांची सुरुवातच बघा. जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जातीत त्रास सोसलेला माणूस. पुढं सगळं कुटुंब तीर्थयात्रेवर निघालं. गावोगाव पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ही माणसं उपाशी मेली. अक्षरशः. शरीरकष्टाची सवय नाही, मजुरी करणं कमीपणाचं वाटायचं. होतं ते दानधर्मात, पूजाअर्चेत आणि अनुष्ठानात संपवलं, देव कधी तरी पावेल म्हणून. रमाबाईंनी हे सगळं नंतर लिहून ठेवलं आहे. रानात पाला खाऊन दिवस काढले, वडील थकून गेले, त्यांच्यामागून आई गेली, मोठी बहीण गेली.

आई शेवटच्या आजारात अन्न मागत होती, तिथली हकीकत मी वाचली आणि पुस्तक बाजूला ठेवून आत जाऊन पाणी प्यायले. शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडं रमाबाई भीक मागायला गेल्या. शास्त्र्यांची मुलगी, भागवत तोंडपाठ, आणि दारात उभं राहून शब्द फुटेना. त्या बाईनंच ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आभार मानायलाही आवाज निघाला नाही. धावत आईकडं गेल्या. पण आईला तो खाववला नाही.

या मुलीनं अठरा हजार श्लोक म्हटले होते आणि पुण्य या शब्दाचे सगळे हिशेब तिला पाठ होते. त्या हिशेबात भाकरीचा तो तुकडा कुठंच बसत नव्हता.

पुढं भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, सत्कार केले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच साली बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, दुसऱ्या जातीत. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा! त्या काळी विधवेला याचं कारण विचारायची गरज नसे, कारण तयारच असायचं: पूर्वजन्मीचं पाप. नवरा मेला म्हणजे बायकोचं काही तरी चुकलं असणारच.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू होत चालले होते, ते राहिलं. वाँटेज नावाच्या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिनं तिथं गेल्यावर थोड्याच महिन्यांत जीव दिला. परक्या देशात एकुलतं एक ओळखीचं माणूस, तेही असं गेलं. आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथं महाराष्ट्र हादरला, हे आपल्याला माहीत असतं. त्यानंतर वाँटेजमध्ये काय झालं ते फारसं माहीत नसतं, आणि मला तर त्यातच खरी गोष्ट दिसते.

तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यावर रमाबाईंची जबाबदारी होती. बाप्तिस्मा झाला, आता बाई चर्चचं सगळं निमूट मानतील अशी त्यांची समजूत. पण रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. देव एक, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य कसं? बायबलात ते नेमकं कुठं सांगितलं आहे, दाखवा. बिशप लोकांनी म्हटलं की हिंदी बाईनं इंग्रज पुरुषांना शिकवू नये, तर ते कोणत्या आधारावर? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनच अक्षरं का, माझ्या देशाची संस्कृत का नाही? लॅटिन मला कळत नाही, आमच्याकडं कोणालाच कळत नाही, मग ती संस्कृतपेक्षा जास्त पवित्र कशी? आणि जेवणाचं! रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको म्हणायच्या. सिस्टरना त्यात जातीचा ताठा दिसे.

त्या पत्रांत एक आरोप पुन्हा पुन्हा येतो, तो गर्वाचा. तुझ्यात नम्रता नाही, ख्रिस्ती माणसाला शोभेल अशी शरणागती नाही, तू आपल्या बुद्धीला फार मोठी समजतेस. रमाबाईंचं उत्तर माझ्या शब्दांत सांगायचं तर असं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं घ्यायला मी आलेली नाही. देवापुढं मी वाकेन. देवाच्या वतीनं बोलणारा प्रत्येक जण म्हणजे देव नव्हे.

सिस्टर जेराल्डिनला दुष्ट ठरवायची मला इच्छा नाही. तिनं या परक्या माय-लेकींना घर दिलं, मनोरमेवर माया केली, पत्रं जपून ठेवली म्हणून तर आपल्याला हे वाचायला मिळतं. पण तिच्या जागी मी स्वतःला चांगलं बघू शकते. वर्गात हुशार मुलगी उलटून प्रश्न विचारते, आपल्याला उत्तर येत नसतं, आणि आपण म्हणतो, "फार शहाणी झालीस, बस खाली." किती जणींना मी असं बसवलं असेल!

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील मात्र वेगळ्या. रमाबाई त्यांच्याकडं शिकतही होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. बीलबाईंनी त्यांच्या शंकांना दडपलं नाही. पानंच्या पानं पत्रं लिहिली, समजावलं, नाही पटलं तर थांबल्या. शंका म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे त्यांना कळत होतं. शेवटी मास्तरकीतली बाई ती! आमच्या बिरादरीतली म्हणून मला थोडा अभिमान वाटला.

याच ओळीत एक नाव घेते, विषयांतर वाटलं तरी. नीळकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ घराणं, काशीत वाढलेले, ख्रिस्ती मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून अभ्यासाला बसले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. नेहेमिया गोरे म्हणून ओळखले जातात. षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणारा हा प्रचंड विद्वान माणूस पुढची सत्तेचाळीस वर्षं, १८९५ मध्ये मरेपर्यंत, शंकांनी पोखरलेला होता. त्यांनी त्या कधी लपवल्या नाहीत. रमाबाईंनी आपल्या ख्रिस्ती होण्यामागं फादर गोऱ्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा असल्याचं नोंदवलं आहे. दोन पंडित, दोघेही संस्कृतात मुरलेले, आणि दोघांनाही धर्म बदलून प्रश्न सुटले असं झालं नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

असो. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथं राहून पैसा उभा केला, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई, याच पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्मप्रसार नाही असं ठरलं होतं. पण रमाबाईंच्या पहाटेच्या प्रार्थनेला दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या, आणि १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'नं झोडपलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे वाँटेजला त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि पुण्याला फार जास्त ख्रिस्ती! दोन्हीकडं तक्रार एकच, बाई ऐकत नाहीत.

माझं मत विचाराल तर पुणेकरांचा सगळाच राग खोटा नव्हता. आपली लेक ज्या भरवशावर पाठवली तो भरवसा राहील का, हा प्रश्न आईबापांना पडणारच. रमाबाईंनी हिंदू धर्माबद्दल नंतर जे लिहिलं त्यातलं काही मला आजही टोचतं. माझ्या सासूबाईंच्या विठ्ठलाला ते लागू पडत नाही असं वाटतं. पण मग मी स्वतःला ती बाजरीची भाकरी आठवून देते.

आणखी एक गोष्ट याच काळातली. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटलेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. जिनं या धर्मापायी आपला समाज गमावला, दोन खंडांत भाषणं केली, तिनं उघडपणे सांगायचं की इतकी वर्षं माझ्या हाती फक्त टरफल होतं! नम्रता नाही म्हणणाऱ्या सिस्टर जेराल्डिनपर्यंत हे पोचलं होतं की नाही कोण जाणे. यानंतर त्यांची श्रद्धा ठाम झाली, पुष्कळदा कडवीही वाटते. त्रैक्याचा वादही मग त्यांनी घातला नाही. पण देवाच्या प्रेमाची खात्री पटली म्हणून जगातल्या दुःखाचं गणित सुटलं, असा आव त्यांच्या कामात मला दिसत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. रमाबाईंच्या पदरी शारदा सदनाचा पसारा होताच, आणखी तोंडं कुठून पोसणार? पण त्यांना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडं गेल्या, सरकारी अन्नछत्रांतली मुलींची दशा पाहिली आणि गाडीतून मुली आणायला सुरुवात केली. हाडांचे सापळे, अंगावर फोड, केसांत उवा, अन्न दिसलं की झडप घालणाऱ्या. शेकडो मुली आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग आणि प्लेगचे कडक कायदे, एका घरात इतकी माणसं ठेवू देईनात. दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती, तिथं माळरानावर तंबू आणि छपरं टाकून सगळा लोंढा हलवला. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची होणारी विटंबना त्यांनी १८९७ मध्येच वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला सुनावली, हेही जाता जाता सांगायला हवं. साहेबाच्या धर्मात गेलेली बाई साहेबापुढंही वाकली नाही.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आणल्या. केडगावची वस्ती दीड हजारांवर गेली. या सगळ्यांना रोज सकाळी जेवायला घालायचं, म्हणजे काय ते घर चालवणाऱ्यांना सांगायला नको. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं ठेवली. माग, तेलाचा घाणा, शिवण आणि छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. मुलीनं विचारलंच असेल कधी तरी रात्री, माझीच आई का मेली म्हणून. त्या काय म्हणाल्या असतील? मला राहून राहून वाटतं, त्यांनी आधी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या असतील.

याच धबडग्यात त्यांनी एक अचाट काम अंगावर घेतलं, संपूर्ण बायबलाचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं होती, पण त्यांतली संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या मुलींना कळेना. संस्कृतच्या पंडितेनं आपलं संस्कृत बाजूला ठेवलं आणि शेतात खपणाऱ्या अडाणी बाईला समजेल अशी मराठी शोधत बसली. त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकली, पन्नाशीच्या आसपास! खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं सदनातल्या बायकांनी केलं. ज्या मुली पाच-दहा वर्षांपूर्वी अन्नासाठी एकमेकींना ओरबाडत होत्या, त्या आता हिब्रूचे खिळे जुळवत होत्या.

त्या बायबलात ईयोबाचं एक पुस्तक आहे. मी ते नंतर मुद्दाम वाचलं, इतिहासाच्या मास्तरणीची खोड म्हणून. ईयोब भला माणूस. सात मुलं, तीन मुली, गुरंढोरं, शेरडंमेंढरं. एका दिवसात सगळं जातं. मुलं ज्या घरात जेवत होती ते घर वावटळीनं कोसळून सगळी खाली गाडली जातात. वाचताना माळीण डोळ्यापुढं आली. मग तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, कोणी एक शब्द बोलत नाही. आठव्या दिवशी बोलायला लागतात आणि सगळं नासवतात! तू काही तरी पाप केलंच असशील, देव उगीच का शिक्षा करेल, कबूल कर. ईयोब म्हणतो, नाही केलं. वाद वाढतच जातो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, तोही कारण सांगत नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? ईयोब गप्प होतो. पण गंमत पुढं आहे. देव रागावतो तो मित्रांवर. माझी बाजू घेऊन तुम्ही जे बोललात ते खरं नव्हतं, जा, ईयोबाकडून तुमच्यासाठी प्रार्थना करवून घ्या.

हे वाचलं तेव्हा मी साठी ओलांडलेली होते, आणि मला १९८३ चा तो दरवाजा आठवला. मी आठव्या दिवसापर्यंतही थांबले नव्हते.

रमाबाईंनीही भाषांतर करताना याच पानांवरून हात फिरवला असणार, शब्दाला शब्द तोलून बघितला असणार. आणि मग १९२१ चा जुलै आला. मनोरमा चाळीस वर्षांची. शिकली सवरलेली, सदनाचा अर्धा भार वाहणारी, आईच्या मागं सगळं तीच बघेल असं सगळे धरून चाललेले. ती गेली. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता ही. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले. मुद्रितं तपासायची राहिली होती, ती तपासत बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला पहाटे झोपेतच गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

२०११ मध्ये आम्ही सेवानिवृत्त शिक्षक मंडळी अष्टविनायकांपैकी काही करून येताना मी हट्टानं गाडी केडगावला वळवायला लावली. चौफुल्यापर्यंत सगळ्यांनी लावणीच्या थिएटरांवरून चेष्टा केली, मग केडगाव आल्यावर गप्प झाले. संस्था आजही चालू आहे. आवारात चिंचा, लिंब, दुपारची सामसूम. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. बरोबरच्या एका सरांनी मला हळूच विचारलं, "बाई, ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांना शांती मिळाली असेल का हो?" मी तेव्हाही नीट उत्तर दिलं नाही. काही तरी पुटपुटले.

२०१९ मध्ये हे गेले. दहा दिवस घर माणसांनी भरलेलं. भलीभली माणसं, जीव लावणारी. पण काय काय ऐकलं! भाग्यवान होते, हाल झाले नाहीत. वेळ आलेली असते. त्यांचं तेवढंच देणं होतं. मी मान हलवत होते, कोणावर राग नव्हता, मीही जन्मभर हेच तर वाटत आले होते.

बाराव्या-तेराव्यानंतर पांगापांग झाली. एके दिवशी दुपारी दारात ती उभी. विहिरीत गेलेल्या मुलाची आई. पार वाकलेली, हातात काठी, दुसऱ्या हातात मेथीच्या दोन जुड्या. मी "या" म्हटलं. ती ओट्यावर बसली, मी समोर बसले. ताट पुढं ओढून तिनं मेथी निवडायला घेतली, मग मीही घेतली. तासभर आम्ही दोघी निवडत होतो. ती काही बोलली नाही आणि मीही नाही. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. संपल्यावर तिनं काड्या पदरात गोळा केल्या, शेळीला होतील म्हणाली, आणि काठी शोधत उठली.

"येते बाई," म्हणाली. "परवा कांद्याची पात आणते."